टिकलीला टिकली

टक.

घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. दुपारची भांडी झाली होती, पंखा मीच बंद केला होता आणि रिंकू आतल्या खोलीत झोपलेली आहे असं मी धरून चालले होते. माझा उजवा हात मनगटापर्यंत डब्याच्या पोटात होता. भिंतीवरच्या बोर्डाचं बटन वाजलं तसा मी तो असा ओढला की कोपर मागच्या धानाच्या कोठीवर आदळलं.

रिंकू स्टुलावर चढून उभी होती. केस विस्कटलेले, गालावर चटईची नक्षी उमटलेली.

"आई, मी बटन लावला."

मी आधी पिन पाहिली. डब्याची पिन माझ्या गुडघ्याजवळ जमिनीवर पडली होती, मीच काढून ठेवली होती. काही होणार नव्हतं. तरी मी ओरडलेच.

"बटनाले हात नाही लावाचा म्हटलं ना तुले? किती वेळा सांगू?"

तिचा खालचा ओठ हळूच बाहेर आला. मग मीच उठले, बटन बंद केलं, तिला उतरवून मांडीवर घेतलं. झोपेतून उठलेल्या पोरीच्या मानेला जो उबदार वास येतो, त्यात नाक खुपसून थोडा वेळ बसले. माझा डावा हात सवयीने परत कमरेमागे गेला होता. ही बाबूजींची, म्हणजे माझ्या वडिलांची शिकवण. डबा उघडला की एकाच हाताने काम, दुसरा हात पाठीमागे. म्हणजे चुकून करंट लागला तरी तो एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जात नाही. रिंकू मला बघून बघून तसंच करते. चित्र रंगवतानासुद्धा तिचा एक हात मागे असतो.

डबा म्हणजे नीलेशच्या गिटारीचा छोटा ॲम्प्लिफायर. सडक अर्जुनीला बाबूजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे त्यांनी तो एका जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओपासून बनवला. आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत, ते तापून लालसर झाले की मग आवाज येतो. जावयाला लोक घड्याळ देतात, अंगठी देतात. बाबूजींनी हा डबा दिला आणि वर्षभरात ते गेले.

नीलेश राईस मिलमध्ये कामाला जातो आणि मंडईच्या दिवसांत योगराजभाऊंच्या संगीत पार्टीत गिटार वाजवतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि ज्या गावाची मंडई त्या गावात गाणंबजावणं. नीलेश वर्षभर ह्याच दिवसांची वाट पाहतो. पण मागच्या कार्यक्रमात भाऊ सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "नीलेश, गिटार वाजवून रायला का टिनाचा पत्रा बडवून रायला? या दुर्गेशनं एक बटन दाबलं का यापेक्षा चांगली गिटार निंगते."

दुर्गेश कीबोर्ड वाजवतो. रिंकूने त्याचं नाव बटनवाला ठेवलं आहे.

आणि भाऊंनी सांगून टाकलं होतं, दवनीवाड्याच्या मंडईत ऐकतो. तिथे आवाज जमला नाही तर पुढच्या मंडयांना पार्टीत गिटार राहणार नाही. ती मंडई आज होती. दिवेलागणीच्या आधी टेम्पो नीलेशला घ्यायला येणार होता.

म्हणून गेले कितीतरी दिवस, रिंकूचा डोळा लागला की मी डबा उघडत होते. आतले वाळलेले कपॅसिटर बदलले. एका जागी बाबूजींनी रेडिओच्या हिशेबाने बारीक कपॅसिटर ठेवला होता, तिथे मोठा घातला. त्याने जाड तारांचा अडलेला आवाज मोकळा झाला. जुन्या साऊंड बॉक्सचा जड स्पीकर बसवला. आवाजाला अंग आलं. फक्त एक गुंग उरली होती. नीलेशने तारांवरून हात उचलला की डबा आपला एकटाच गुणगुणत बसायचा.

आज सकाळी तीही गेली. गिटारीची वायर जिथे खोचतात ते भोक आणि डब्याच्या आतला लोखंडी सांगाडा, यांच्यामध्ये बाबूजींनी एक छोटा कपॅसिटर ठेवला होता. मी कथिल वितळवून त्याच्यावरून तारेचा तुकडा डाकला आणि दोन्ही सरळ जोडून टाकलं. गुंग बंद. नीलेशने एकच सूर छेडला. तो सूर भरलेला, गोल, शेवटपर्यंत न थरथरता विरला. नीलेश लग्नाआधी बघायचा तसा माझ्याकडे बघत राहिला. मग गाणं गुणगुणत दाढी करायला गेला.

आता माझं काम फक्त स्क्रू आवळायचं राहिलं होतं.

"मी पिन लावतो," रिंकू मांडीवरून म्हणाली.

"तू नाही लावाची. तू नुसती दाखव."

हा आमचा खेळ. डब्याच्या दोन काड्यांच्या पिनेवर एका बाजूला मी लाल टिकली चिकटवली आहे. बोर्डातल्या एका भोकाजवळ तशीच दुसरी. टिकलीला टिकली आली पाहिजे. पिन उलटी लागली तर डबा जास्त गुंगतो आणि तारांवर बोटांना झिणझिण्या येतात, त्यासाठी बाबूजींनी घालून दिलेली ही खूण. रिंकूने पिन उचलली, टिकलीवर बोट ठेवलं, बोर्डाकडे बोट केलं.

"ही टिकली त्या टिकलीले."

"शाब्बास."

"अन् मंडईतल्या बोर्डाले टिकली कोन लावते?"

मी हसून काहीतरी सांगणार होते. तेवढ्यात डब्याचं मूळ आठवलं.

बाबूजींचा तो रेडिओ स्वस्तातला होता, ट्रान्सफॉर्मर नसलेला. भिंतीतल्या दोन तारांपैकी एक त्याच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडलेली. पिन सुलटी असली तर ती गार, झटका न देणारी तार. उलटी लागली तर गरम, आणि मग सगळा सांगाडा जिवंत. रेडिओ असताना चालून जायचं, कारण सांगाडा लाकडाच्या पेटीत आणि बटणं प्लास्टिकची. पण गिटारीच्या तारा वायरीतून थेट त्या भोकापर्यंत येतात. त्या तारा आणि सांगाडा यांच्यामध्ये एकच गोष्ट उभी होती, तो छोटा कपॅसिटर. तो नुसत्या झिणझिण्या येऊ द्यायचा, बाकीचं अडवायचा. आणि मी सकाळी त्याला वळसा घालून वाट करून दिली होती.

मंडईतल्या मंडपात कुणाची टिकली?

"अवं, आटपलं का?" नीलेश टॉवेलने तोंड पुसत आत आला. नवा शर्ट, केसांना तेल. "एकदा वाजवून पायतो अन् बांधतो."

"थांबा. गिटारीले हात नका लावू."

माझ्या आवाजानेच तो थबकला. मी गिटार खाटेवर ठेवली, वायर डब्यात खोचली, रिंकूला दारात उभं केलं. मग पिन उलटी लावली आणि बटन दाबलं. टेस्टर घेतला, डावा हात मागे नेला, आणि टेस्टरचं टोक गिटारीच्या सगळ्यात जाड तारेला टेकवलं.

टेस्टरमधला दिवा भक्कन लाल झाला.

"बाबाच्या गिटारीत लाईट आला!" रिंकूने टाळ्या वाजवल्या.

नीलेश त्या लाल दिव्याकडे बघत राहिला. सकाळी त्याच तारेवर त्याची बोटं होती. मी बटन बंद केलं, पिन उपसली, आणि सगळं सांगितलं. सकाळचा तारेचा तुकडा, कपॅसिटर, सगळं.

"मंग मी तिथं टेस्टरनं पाऊन लावीन ना," तो म्हणाला. "एवढं काय त्यात?"

"अन् मधातच लाईट गेली, जनरेटर लावला, तं? त्याची तार उलटी आली तं? तवा तुमी टेस्टर घेऊन बसान का गिटार घेऊन?"

"एवढ्या मंडया वाजवल्या. काई झालं का मले?"

"तवा तो कपॅसिटर होता."

"तं काढ तुहा तुकडा!"

"काढतो. मंग गुंग येते."

तो खाटेच्या कडेवर बसला. टॉवेल मांडीवर पिळत राहिला, कोरडाच होता तरी.

"मंग जातच नाई ना," तो शेवटी म्हणाला. "त्या दुर्गेशलेच दाबू दे बटनं. मी मिलमंदीच बरा."

ओरडला असता तर बरं वाटलं असतं. सकाळचं ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

मी बाबूजींची लाकडी पेटी ओढली. त्यात बॅटरी चार्जरचा एक जड ट्रान्सफॉर्मर होता. तसा दुसरा मिळाला तर दोन्ही एकमेकांना पाठ लावून जोडता येणार होते. पहिला वीज उतरवतो, दुसरा उलटा जोडला की परत चढवतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये तार जोडलेली नसते, त्यामुळे भिंतीतला करंट अलीकडेच राहतो आणि पलीकडे जी वीज तयार होते तिचं जमिनीशी काही नातं नसतं. मग पिन सुलटी लावा की उलटी. तुकडाही राहिला असता, गुंगही आली नसती. बाबूजींना मी असं करताना पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

दुसरा चार्जर शेजारी सुलोचनाकाकींकडे होता. त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी रोज रात्री त्यालाच टांगलेली असते. मी रिंकूला कडेवर घेऊन धावले. काकी अंगणात धान उन्हातून गोळा करत होत्या.

"चार्जर? तुह्या नवऱ्यानं गिटार सोडून टॅक्टर घेतला का वं?"

"नाई काकी. डब्याले पायजे."

"त्या खोक्याले? त्याची बी बॅटरी उतरली का?" त्या हसल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या. "काय झालं?"

"उघडा लागन त्याले. आतला एक भाग काढतो. उद्या होता तसा जोडून देतो."

"तुहे खुशालकाका मले घराबाहेर काढतीन. उद्या धान न्याचा हाय." असं म्हणत म्हणत त्या पडवीत गेल्या आणि चार्जर माझ्या हातात दिला. "जाय. पन रातच्याले टॅक्टरनंच जाऊ आपन मंडईले. उद्या चालू नाई झाला तं तू ढकलजो."

परत आले तेव्हा ऊन अंगणाच्या कडेला गेलं होतं. चार्जरचे स्क्रू गंजलेले. पहिला निघाला, दुसऱ्याचं डोकं घासलं गेलं. नीलेशने पक्कड घेतली आणि तो फिरवून काढला. तापलेलं डाकयंत्र, राळेचा धूर, रिंकूचा खोकला. "तू बाहीर खेळ माय," म्हटलं तर ती उंबरठ्यावर बसली, एक हात मागे ठेवून. मी घाईत एक जोड कच्चा डाकला. हलवून पाहिला तर सुटला. परत डाकला. दुरून कुठूनतरी टेम्पोचा हॉर्न आला, आमचा नव्हता.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर बाबूजींच्या पेटीत बसवले. मग डब्याची वायर घेतली आणि टिकलीवाली पिन कचकन कापून टाकली.

"हे कायले कापली?" नीलेश ओरडलाच.

"डब्बा पेटीतूनच लावाचा. भिंतीले सरळ लावताच नाई आला पायजे."

वायरीची उघडी टोकं पेटीच्या स्क्रूखाली आवळली. पेटीच्या पिनेला टिकली लावली नाही. सुलटी लावून टेस्टर तारेला टेकवला. काळा. उलटी लावली. काळाच. मी स्वतः तारांवर पूर्ण तळवा ठेवला. माझ्या अंगावर काटा होता, पण तो माझा होता, विजेचा नव्हता.

"आता वाजवा."

व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा सावकाश तापले. नीलेशने सकाळचाच सूर छेडला.

सकाळचा आवाज नव्हता तो. दोन ट्रान्सफॉर्मरमधून येताना विजेचा रेटा कमी झाला होता. सूर गोलच होता, गुंगही नव्हती, पण त्याची कड खरखरीत झाली होती. जोरात मारलं की तो फुटायचा, दंडारीत, गावच्या नाटकात, रात्रभर गाऊन घसा बसलेल्या गायकासारखा, जो तरीही वरच्या पट्टीत जातोच. मला तो आवडला. खरंच आवडला. मी नीलेशकडे पाहिलं.

"दम नाई रायला," तो म्हणाला.

"समोर माईक लावतीन ना. अन् हळू वाजवा तं खरखर येत नाई. आयका तं."

"भाऊले आयकू येते का ते सांग. ते म्हनतीन गिटारीले सर्दी झाली." त्याने परत वाजवलं, आणखी जोरात, आणि सूर परत फुटला. "सकारचा आवाज... तो आवाज होता वं."

"सकारच्या आवाजात तुमचा जीव गेला असता."

"गेला नाई ना पन."

बाहेर टेम्पो उभा राहिला. ह्या वेळी आमचाच. ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला. आतून दुर्गेश ओरडला, "चल बे नीलेश, भाऊ दो बार फोन कर चुके!"

नीलेशने एका हातात डबा घेतला, एका हातात पेटी, गिटार पाठीवर. दारात थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू पिन कापली म्हनून काय झालं? दोन स्क्रू ढिले केले का वायर मोकळी. बोर्डाच्या भोकात वायर घालाची अन् काडीपेटीच्या काड्या खोचाच्या. मंडपात सारेच तसे लावतेत."

"असं करजान नका. रिंकूची आन हाय तुमाले."

"आन नको घालू. येतो मी."

मग आत वळला, देवळीजवळ गेला, हात जोडले, आणि भरभर निघून गेला. रिंकू टेम्पोच्या मागे कुंपणापर्यंत धावली. बटनवाल्याने तिला टाटा केला.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी राळेचे थेंब पुसले, तारेचे तुकडे वेचले, रिंकूच्या पायात एखादा जाईल म्हणून दोनदा झाडलं. कापलेली पिन रिंकूने उचलून घेतली होती. तिने त्यावरची टिकली काढली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

"छान दिसते का?"

"माही माय. लई छान."

अंधार पडायला लागला. दवनीवाडा आमच्यापासून एवढं जवळ की मधे फक्त कापलेली शेतं, भोंगे लागले की घरात बसून ऐकू येतात. कुणीतरी माईकवर "हॅलो, चेक" म्हणत होतं. मी देवासमोर दिवा लावायला देवळीत हात घातला.

काडीपेटी नव्हती.

खाली पाहिलं, फोटोंच्या मागे पाहिलं, चुलीजवळ पाहिलं. नीलेश विडी ओढत नाही, सिगारेट ओढत नाही. देवळीजवळ गेला तेव्हा हात जोडताना मी त्याची पाठ पाहिली होती, हात नाही.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. कार्यक्रमात तो फोन बंद आवाजावर ठेवतो हे मला माहीत आहे, तरी परत लावला. शेतांपलीकडून भोंग्यावर योगराजभाऊंचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि लोकांचा आवाज खाली बसला. धावत निघाले तरी पोचायच्या आधी गाणं सुरू होणार होतं.

मी रिंकूला घेऊन अंगणात आले. सुलोचनाकाकींच्या घरातून भाकरीचा वास येत होता. "जेवून निंगू वं," त्या आतूनच ओरडल्या. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. सगळा जीव कानात आला होता.

आधी ढोलकी. मग काही क्षण काहीच नाही. मग गिटार सुरू झाली.

गाण्याच्या आधीचा तो लांब तुकडा. सूर शेतांवरून येत होता, वाऱ्याने मधेच दूर जायचा, परत यायचा. मी त्यात खरखर शोधत होते. खरखर असली तर तो नीलेश, पेटी लावलेली, काड्या खिशातच. नसली तर एक तर काड्या खोचलेल्या, सकाळचा आवाज, आणि त्या जाड तारेवर त्याची बोटं. किंवा मग गिटार कोपऱ्यात उभी, आणि भाऊंनी मान हलवून दुर्गेशकडे बोट केलेलं. एक सूर फुटल्यासारखा वाटला. तो डब्याचा होता की भोंग्याचा? भोंगा सगळ्यांनाच एका घशातून बोलायला लावतो. एवढे दिवस त्या डब्याचा एकेक सूर मी हाताने वळवला होता, आणि आता मला तो ओळखता येत नव्हता.

फोन हातात तापला होता. सूर चालूच होते. ते चालू होते तोवर मी श्वास घेत होते.

रिंकू कुंपणाशी गेली. कपाळावर ती लाल टिकली, एक हात कमरेमागे, मान वाकडी करून तीही ऐकत होती. मग वळून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, हा बाबा व्हय का बटनवाला?"